सर्जाला कुणाला देऊ नका

ती. बाबा आणि ती. आई,
साष्टांग नमस्कार.

हुबळीहून बदलीची ऑर्डर हातात आली. पुढच्या महिन्यापासून बेळगावच्या ऑफिसात. तिथे खोली बघण्यापेक्षा खानापूरहूनच ये-जा करीन म्हटलं, तर तुमचा फोन, की मला कुत्र्याची अ‍ॅलर्जी म्हणून आपल्या मुधोळ कुत्र्याला, सर्जाला न्यायला नंदगडचा एकजण तयार आहे. बाबा, त्याला आधी नाही म्हणून सांगा, मग पुढचं वाचा. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही आणि आई मध्येच रडायला लागते, म्हणून कागदावर लिहितेय.

मला शिंका सुरू झाल्या की आई सर्जाकडे रागाने बघते. डॉक्टरांनी मध्यंतरी अ‍ॅलर्जीची टेस्ट केली. ज्यांची अ‍ॅलर्जी असू शकते अशा एकेका गोष्टीच्या अर्काचा थेंब हातावर टाकून सुईने जरासं टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी कुठे गांध उठली ते बघतात. कुत्र्याच्या थेंबापाशी उठलीच, पण धुळीतल्या किड्यांच्या थेंबापाशीही चांगली टम्म उठली. हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत, गाद्या-उशांत राहतात आणि दमट हवेत फोफावतात. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू! माळ्यावरच्या त्या कापसाच्या गादीचं पापही आजवर सर्जाच्याच माथी मारलंय आपण.

आत्या म्हणते, मुधोळाचे केस एवढे आखूड, त्याची कसली अ‍ॅलर्जी! पण त्रास केसांचा नसतोच. कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात काही प्रथिनं असतात, त्यांचा असतो. तो अंग चाटतो, लाळ केसांवर वाळते, कोंडा हवेत उडतो आणि पडद्यांत, गाद्यांत महिनोन् महिने टिकतो. म्हणून अ‍ॅलर्जी न होणारी जात म्हणून शहरात जी पिल्लं विकतात, त्यांच्या नादी लागण्यात अर्थ नाही. त्यात आपला सर्जा केवढा! मागच्या पायांवर उभा राहिला की पंजे थेट बाबांच्या खांद्यावर. जेवढं अंग तेवढा कोंडा, हे मला मान्य आहे.

तरी तो घरात हवा. हाक मारलेली बाबांना ऐकू येत नाही, हे आपल्या आधी त्याला कळलं. गेटपाशी कुणी आलं की तो भुंकून थांबत नाही, खुर्चीपाशी येऊन बाबांच्या गुडघ्याला नाक लावतो. रात्री आई न्हाणीकडे निघाली की हा मागोमाग. हे मी हुबळीत बसून करू शकत नव्हते, बेळगावला दिवसभर ऑफिसात असतानाही करू शकणार नाही. आणि मुधोळच्या मालोजीराजे घोरपड्यांनी पंचम जॉर्जला ही कुत्री भेट दिली, २००५ साली पोस्टाने यांचं तिकीट काढलं, हे पाहुण्यांना रंगवून सांगणारा माणूस सर्जाला द्यायला निघतो, ते कुणापायी, हे मला कळत नाही असं वाटतं का?

गोठ्यात बांधू, हाही तोडगा नको. बिबट्या फिरतो आपल्याकडे. बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याला आयतं जेवण. सर्जा सोप्यातच झोपेल. माडीवरची खोली मात्र माझी, तिथे त्याने पाऊल टाकायचं नाही, दारात येऊन कितीही केविलवाणं तोंड केलं तरी. आई, हे तुला सांगतेय. ती गादी काढून टाका, नवी मी आणते, घट्ट विणीच्या खोळीसकट. हवा गाळायचं हेपा फिल्टरचं मशीनही आणणार आहे. करंट गेला की ते ठप्प, तेव्हा सगळी भिस्त त्यावर नाही. त्याच्या अंथरुणाला घोंगडी नको, पावसात ती वाळतच नाही. जुन्या लुगड्यांच्या दोन वाकळी करा, एक अंगाखाली, एक धुवायला. अंघोळ आठवड्यातून दोनदा घातली तर फरक पडतो म्हणतात, पण मृगापासून पुढे ते जमायचं नाही. ओल्या फडक्याने पुसून काढू. ब्रश बाबांनी करायचा, परड्यात, मी घरात नसताना. आणि सोपा कोरड्या केरसुणीने झाडू नका, कोंडा सगळा वर उडतो. ओल्या फडक्याने पुसायचं काम माझं, आईने वाकायचं नाही.

नाकात मारायचा स्प्रे रोजचा आहे, शिंका आल्या तर मारायचा असं नाही. डॉक्टरांनी एक गोष्ट बजावलीय: नुसत्या शिंका आणि पाणावलेले डोळे वेगळे, छातीत घरघर लागली तर प्रकरण वेगळं, मग लगेच दाखवायला यायचं. तसं झालंच तर मी बेळगावात खोली घेईन आणि रविवारी येईन. पण घर सोडायचं झालं तर मी सोडीन, सर्जा नाही.

माडीच्या दाराखाली बोटभर फट आहे. सुताराला बोलावून खाली पट्टी मारून घ्या, आणि नंदगडच्या माणसाला आजच फोन लावा.

तुमची लेक