पायपेटी नव्हे, ऑर्गन!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चाळीस वर्षं पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करण्यात गेली, म्हणून हे लिहितोय. गेल्या महिन्यात नातवाला घेऊन एका वस्तुसंग्रहालयात गेलो होतो. नाटकाच्या दालनात एका वाद्यापुढे पाटी होती : 'पायपेटी. लाकूड.' बस्स, एवढंच. तो ऑर्गन आहे.

भाता दोन्हींचा पायानेच मारायचा, त्यामुळे घोटाळा होतो. पण पायपेटीचा भाता हवा सुरांतून (हवेने थरथरणाऱ्या पितळी पात्यांतून) दाबून बाहेर काढतो, ऑर्गनचा ती आत ओढतो. म्हणून ऑर्गन गोल वाजतो, गाणाऱ्याच्या आवाजावर चढत नाही. माझी खात्री पटली ती मागची फळी निखळलेली होती म्हणून. पायपेटीत सूर स्क्रूने बसवतात. इथे एकही स्क्रू नव्हता, प्रत्येक सूर आपापल्या खाचेत सरकवलेला.

आणि खरी गोष्ट तर पुढेच होती. ऑर्गनला गुडघ्याने ढकलायची एक पट्टी असते, आवाज वाढवायला. नटाची तान वर गेली की गुडघा बाहेर, खाली आली की आत. दोन्ही हात वाजवायला मोकळे. या वाद्याच्या उजव्या पट्टीचं पॉलिश बशीएवढं उडालंय. एका रात्रीत नाही झिजत लाकूड. कोण्या वादकाने पदांमागून पदं, 'वन्स मोअर'सकट, तिथे गुडघा टेकवलाय. गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर थिरकवाँ असत. त्याच दालनात बालगंधर्वांच्या तसबिरीला हार आहे. साथीदारांचं नावही नाही. (नातू म्हणाला, "आजोबा, हे बसायचे कुठे?" रंगमंचासमोर, खाली. म्हणून फोटोत येत नसावेत.)

पाटी बदलायला खर्च नाही. वाद्य कोणत्या घरातून, कोणत्या मंडळीकडून आलं ते दप्तरात असेलच, तेही लिहावं. ती झिजलेली पट्टी मात्र कुणी हौसेने पॉलिश करू नये, ही हात जोडून विनंती.

मागची फळी तेवढी लगेच लावून घ्या. कसर आत शिरली की नमदा (आतलं जाड लोकरी कापड) खाते. सूर ओढायचा आकडा माझ्याकडे अजून आहे; बोलावलंत तर येईन, सकाळची वेळ द्या.

– एक निवृत्त पेटी कारागीर