ग्रंथपाल ताईंना अनावृत पत्र: लॉ सीईटीच्या कपाटाबद्दल आभार

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

वाचनालयाच्या अभ्यासिकेत लॉ सीईटीची, म्हणजे कायद्याच्या पदवीसाठीच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करणाऱ्या पोरापोरींसाठी तुम्ही पुस्तकांचं जे कपाट लावलंत, त्याबद्दल मनापासून आभार. दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात चुकीचं गाईड आलं की ते बदलायला यवतमाळची एसटी धरावी लागते. दुकानदार परत घेईलच असं नाही, आणि तोवर अभ्यासाचे दिवस निघून जातात. म्हणून तुमची निवडीची रीत इतर गावांतल्या वाचनालयांनाही कळावी, असं आम्हाला वाटतं.

पुस्तक दाखवण्याआधी तुम्ही विचारता, "परीक्षा कोणती?" बारावीनंतरचा पाच वर्षांचा एलएलबी आणि पदवीनंतरचा तीन वर्षांचा, दोन्हींच्या सीईटीत १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात, पण वाटणी वेगळी. पाच वर्षांच्या पेपरात कायदा ३२, तर्क ३२, सामान्य ज्ञान २४, इंग्रजी २४, गणित ८. तीन वर्षांच्या पेपरात गणित नाहीच. तिथे इंग्रजी ४०, सामान्य ज्ञान ३२, कायदा आणि तर्क प्रत्येकी २४. दोन्हींसाठी म्हणून खपवलेलं एकच जाडजूड गाईड घेतलं, तर पदवीधर मुलगी शेकडेवारी सोडवत बसते आणि सर्वांत जड विभाग कोरडा राहतो. पेपर मराठीतून देता येतो म्हणून निर्धास्त असलेल्यांनाही तुम्ही वेळीच सांगता की इंग्रजीचे प्रश्न इंग्रजीतच येतात. सराव संचात १५० प्रश्न दिसले तर गाईड जुन्या स्वरूपाचं आहे, ही खूण तर दुकानात उभ्या उभ्या तपासता येते.

क्लॅटची, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेची, पुस्तकं तुम्ही वेगळ्या कप्प्यात ठेवलीत, हेही फार बरं केलंत. नागपूरच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात जायचं तर क्लॅट लागते. ती इंग्रजीतून होते, उताऱ्यांवर आधारलेली असते आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापते. यवतमाळ-अमरावतीच्या विधी महाविद्यालयांसाठी सीईटी पुरते, आणि तिथे चुकीला गुण कापत नाहीत. क्लॅटच्या गाईडमधला 'शंका असेल तर प्रश्न सोडा' हा सल्ला सीईटीत पाळला तर हातचे गुण जातात.

आम्हा वकिलांना सर्वांत जास्त समाधान वाटतं ते तुमच्या फौजदारी कायद्याच्या तपासणीचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाची शिक्षा कलम ३०२ मधून १०३ मध्ये गेली, चोरी ३७८-३७९ वरून ३०३ वर आली, आणि ज्या ४२० ला गावात सगळे ओळखतात ती फसवणूक आता ३१८ मध्ये आहे. बाजारात नव्या मुखपृष्ठाखाली जुनाच मजकूर बिनदिक्कत विकला जातो. तुम्ही आधी आतल्या पानावर आवृत्ती नवी की नुसतं पुनर्मुद्रण ते बघता, मग थेट खुनाचं कलम उघडता. तिथे आजचा कायदा म्हणून ३०२ छापलं असेल तर पुस्तक परत. जुन्या-नव्या कलमांचा तक्ता शेजारी शेजारी दिला असेल तर मात्र ते जरूर घ्यावं, कारण १ जुलैपूर्वीच्या गुन्ह्यांना जुनी संहिताच लागू राहते.

उत्तरं तपासण्यासाठी तुम्ही वापरता तो प्रश्न आम्ही इतरांनाही सुचवतो. एका कास्तकाराने फवारणीचा पंप दुरुस्तीला दिला. मजुरी बाकी होती म्हणून कारागिराने पंप ठेवून घेतला. कास्तकाराने रात्री तो गुपचूप उचलून आणला. ही चोरी आहे का? 'वस्तू स्वतःचीच, म्हणून चोरी नाही' असं सांगणारं गाईड कामाचं नाही. चोरीत मालकीपेक्षा ताबा बघतात. मजुरीपोटी कारागिराचा ताबा कायदेशीर होता, म्हणून ती चोरीच. मजुरी चुकती झाली असती तर उत्तर उलटं. हा फरक ज्या स्पष्टीकरणात दोन ओळींत समजावलेला असतो, त्याच पुस्तकाने तर्क करता येऊ लागतो. फक्त 'अ', 'ब', 'क' छापलेल्या उत्तरसूचीने पाठांतरच वाढतं.

पैशाची वाटणीही तुम्ही शहाणपणाने केलीत. इंग्रजी व्याकरण, तर्क आणि करार कायद्याची पुस्तकं जुनी चालतात. राज्यघटनेचं जुनं पुस्तकही चालतं, फक्त ते छापल्यानंतरच्या घटनादुरुस्त्या वेगळ्या कागदावर लिहून आत लावाव्या लागतात. नव्याचा खर्च फौजदारी कायदा आणि चालू घडामोडी यांवरच. वार्षिक पुस्तक छापून झाल्यावरच्या घडामोडी त्यात नसतात, ती उणीव वर्तमानपत्राच्या कात्रणांनी भरते.

आणि ती काळी क्लिप! सराव संचांची उत्तरांची पानं तुम्ही क्लिपने बंद करता आणि सोबत कोरा फुलस्केप देता. पोरांनी पुस्तकात पेन्सिलीने खुणा केल्या की पुढच्याला उत्तर आयतं दिसतं आणि तो संच सरावाला निकामी होतो. आता तेच पुस्तक हातोहात फिरतं, आणि कुणाला किती प्रश्न खरोखर सुटले ते फुलस्केपवर दिसतं.

ताई, येत्या खरेदीच्या वेळी प्रत्येक पुस्तकाच्या तीन पानांचे फोटो आम्हाला पाठवा: आवृत्तीचं पान, फौजदारी कायद्याचं पहिलं पान आणि स्पष्टीकरणाचं कुठलंही एक पान. कलमं आणि उत्तरं आम्ही कोर्ट सुटल्यावर तपासून, मागणी नोंदवण्याआधी तुम्हाला कळवू.

आपले ऋणी,
तालुका न्यायालयातले काही वकील आणि अभ्यासिकेत शिकवणारे शिक्षक