खिशातले चिंचोके

गंगापूर रोड, नाशिक
मार्गशीर्ष वद्य पंचमी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.१ टक्के आली, डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर रोज चालायलाही सांगितले, तू उत्साहाने चालण्याचे यंत्र घरी आणलेस आणि आता त्याच्या दांड्यांवर वहिनी टॉवेल वाळत घालतात, हे वाचून मला हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. हसू अशासाठी, की माझ्याही घरी हाच प्रकार घडून गेला आहे. फक्त यंत्राच्या जागी मनगटावरचे घड्याळ होते. पत्राच्या शेवटी तू विचारले आहेस, की मी तीन वर्षे नेमाने चालतो ते कसे, आणि तुला तीन आठवडेही का जमू नये. फोनवर याचे उत्तर दिले असते तर 'अरे, मनावर घे' एवढेच माझ्या तोंडून निघाले असते, आणि ते खोटे ठरले असते. म्हणून हे पत्र.

माझी सुरुवात तुझ्याहून वाईट झाली होती. निवृत्त झालो त्या वर्षी माझी तीच सरासरी ७.६ निघाली, लेकीने पावले मोजणारे घड्याळ पाठवले आणि मी पहिल्या दिवसापासून दहा हजारांचा ध्यास घेतला. रात्री साडेदहाला आठशे पावले कमी दिसली, तर मी बाहेरच्या खोलीत सोफ्याभोवती प्रदक्षिणा घालीत असे आणि ही दिवा मालवायची वाट पाहत बसे. दहाव्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि टाचेत खिळा रुतावा तशी कळ आली. टाचेपासून बोटांपर्यंत जाणारा तळव्याचा पट्टा दुखावला होता. महिनाभर चालणे बंद झाले आणि गोठवलेली पाण्याची बाटली पायाखाली फिरवत बसणे एवढाच व्यायाम उरला.

त्या सक्तीच्या विश्रांतीत मी या दहा हजारांचे मूळ शोधले. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानमध्ये पावले मोजण्याचे एक उपकरण विक्रीला आले. त्याचे नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता आणि तो जगभर पसरला; कुणा वैद्याने नाडी पाहून तो ठरवला नव्हता. २०१९ साली अमेरिकेत वयस्कर स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ज्यांचे सरासरी वय ७२ होते. त्यात दिवसाला २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे कमी आढळले, आणि साडेसात हजारांच्या आसपास पोहोचल्यावर फायदा वाढेनासा झाला. हे वाचून मी घड्याळ काढून खणात ठेवले. जागतिक आरोग्य संघटना पावलांचा हिशेब सांगतच नाही. तिच्या मते आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे जरा झपझप चालणे पुरे. पूर्वी सलग दहा मिनिटे तरी चालले पाहिजे अशी अट होती, तीही २०२० च्या शिफारशींत राहिलेली नाही. तेव्हा भाजी आणायला चालत गेलास तर तेही जमेस धर.

टाच बरी झाल्यावर मी पुन्हा सुरुवात केली ती आजीच्या शतपावलीपासून. पंचवटीतल्या आमच्या वाड्यात जेवण झाल्यावर शतपावली केल्याशिवाय आजी कुणाला अंथरुणाला पाठ लावू देत नसे, हे तुला आठवत असेल; सुट्टीत तू मुक्कामाला असायचास तेव्हा तूही तिच्या तावडीतून सुटला नाहीस. ती 'अन्न जिरते' एवढेच म्हणायची. आता कळते, की चालताना पायांचे मोठे स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतात, आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनची फारशी वाट पाहावी लागत नाही. तुझ्यामाझ्या शरीरात नेमके ते इन्सुलिनच नीट लागू पडत नाही, म्हणून जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटे आपल्याला इतरांपेक्षा अधिक मोलाची आहेत. हा भाग मी तुला आग्रहाने सांगतो, कारण तो नवव्या मजल्यावरच्या व्हरांड्यातही जमतो आणि त्याला कुणाची सोबत लागत नाही.

सकाळच्या चालण्याला मात्र सोबत लागते.

पहिले दोन महिने मी गोदापार्कात एकटा जात असे आणि आठवड्यातून तीन दिवस जात नसे. थंडी आहे, झोप झाली नाही, पाहुणे आहेत, ढग आले आहेत. कारणांना तोटा नव्हता आणि विचारणारेही कुणी नव्हते. तिथे रोज दिसणारे एक गृहस्थ होते, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. नदीकाठच्या वाटेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक खेप झाली, की ते थांबत, सदऱ्याच्या उजव्या खिशातून काहीतरी काढून डाव्या खिशात टाकत आणि पुन्हा चालू लागत. एक दिवस मी न राहवून विचारले, तेव्हा त्यांनी तळहात पुढे केला. त्यावर सहा चिंचोके होते, रोजच्या हाताळणीने शिसवी लाकडासारखे तुळतुळीत झालेले. त्यांतले दोन त्यांनी माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "तुम्ही दोनच खेपा मारता, मी पाहतो. उद्या हे परत आणून द्या." ते चिंचोके परत करायला मी दुसऱ्या दिवशी गेलो, आणि त्यानंतर न जाण्याची सोय राहिली नाही.

आता आम्ही नऊजण आहोत. सकाळी सहाला एका पिंपळाखाली जमतो आणि पाच मिनिटांहून अधिक कुणासाठी थांबत नाही. त्यात एक निवृत्त कंडक्टरही आहेत, आणि त्यांची व ड्रायव्हरसाहेबांची जुगलबंदी ऐकण्यासारखी असते. एकदा मी त्यांना लंडनची गोष्ट सांगितली. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांच्या हृदयविकाराची नोंद ठेवली आणि १९५३ साली ती प्रसिद्ध केली. एकाच बसवर, एकाच प्रकारच्या वस्तीतून आलेली ही माणसे. पण दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार अधिक होत होता आणि पाळीत पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणाऱ्या कंडक्टरांना कमी. हालचालीचा हृदयाशी असलेला संबंध आकड्यांनी दाखवणारे हे पहिल्या काही अभ्यासांपैकी एक. गोष्ट संपताच कंडक्टरसाहेबांनी कॉलर ताठ केली. त्यावर ड्रायव्हरसाहेब शांतपणे म्हणाले, "आपल्या लालपरीला जिना कुठे होता? तुम्ही मागच्या दाराशी बसून घंटीची दोरी तेवढी ओढायचात." तेव्हापासून कुणी मागे पडले, की आम्ही दोनदा 'टण् टण्' म्हणतो.

या नऊजणांत आमच्याच इमारतीतले, माझ्या डोक्यावर राहणारे गृहस्थ आहेत. त्यांच्या न्हाणीघराची गळती माझ्या निजायच्या खोलीच्या छतातून दोन पावसाळे उतरत होती. सोसायटीच्या सभेत आम्ही एकमेकांना काय काय बोललो, ते इथे लिहीत नाही. त्यांना पिंपळाखाली पाहून मी पहिल्या दिवशी बुटाची नाडी बांधण्याचे निमित्त काढून मागे राहिलो. पण नदीकाठची वाट दोघांपुरतीच रुंद आहे, जोड्या आपोआप बदलत जातात, आणि एका सकाळी तेच माझ्या शेजारी आले. समोरासमोर बसलेल्या माणसाशी भांडणे सोपे असते. शेजारी चालणाऱ्याशी भांडायला मान वळवावी लागते, दम लागलेला असतो आणि नजर वाटेतल्या खड्ड्यांवर ठेवावी लागते. दुसरी खेप संपेपर्यंत त्यांनी सांगून टाकले, की पाइप फुटलेला आहे हे त्यांना ठाऊक होते, पण त्यांच्या पत्नीचे आजारपण चालू होते आणि घरात फोडाफोडी करवेना. मला हे दोन वर्षांत कुणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. मे महिन्यात प्लंबर आला. छतावरचा डाग अजून आहे, रंग आम्ही अर्धा अर्धा देणार आहोत.

तुला वाटेल, मी औषधाचे विचारले आणि हा शेजाऱ्याच्या पाइपात शिरला. पण तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला इथेच दिसते. त्या यंत्रावर तू आलास काय आणि नाहीस काय, त्याला कळत नाही. आमच्यातले एकजण दोन दिवस आले नाहीत, तर तिसऱ्या दिवशी आमची खेप त्यांच्या दारावरून जाते. बहुतेक वेळा ते नुसते झोपलेले असतात आणि ओशाळून बाहेर येतात.

आमचे सगळे आदर्श आहे असे मात्र समजू नकोस. दर रविवारी चालणे झाल्यावर मिसळ खायला जायचे, असा ठराव कुणीतरी मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला. तर्री, फरसाण, वर दोन पाव आणि शेवटी गोड चहा. पाऊण तास चालून जेवढे जळते त्याहून अधिक दहा मिनिटांत पोटात जाते. डॉक्टरांशी बोलल्यावर मी एका पावावर आलो आहे आणि मिसळीवर मटकी जास्त, फरसाण कमी मागतो. चालण्याने वजन झपाट्याने उतरेल, ही आशा तूही धरू नकोस. माझे वर्षभरात तीन किलोच उतरले. साखरेची सरासरी मात्र ६.७ वर आली आहे, गोळी एकच राहिली आहे आणि रात्रीची झोप सुधारली आहे.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले, की नदीकाठ आमच्यासाठी बंद होतो. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आले, ही चौकशी आपण लहानपणी शाळेला सुट्टी मिळावी म्हणून करायचो. आता चालायची जागा ठरवण्यासाठी करतो. तेव्हा आम्ही गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर जातो. एरवी महिन्यातून एकदा पांडवलेणीच्या पायऱ्या चढतो. चढताना सलग वाक्य बोलता आले पाहिजे, गाणे म्हणता येऊ नये, हे आमचे वेगाचे माप आहे आणि डॉक्टरही तेच सांगतात. तिथल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धनला, म्हणजे आमच्या या गंगापूर रस्त्यावरच्या गोवर्धनला, आणि भडोच, सोपारा अशा ठिकाणी वाटसरूंसाठी विश्रामगृहे बांधली, विहिरी खोदल्या, नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या, असे त्यात कोरले आहे. चालणाऱ्या माणसाची एवढी काळजी सुमारे १९०० वर्षांपूर्वी घेतली गेली होती. आज घरापासून नदीपर्यंत जाताना पदपथावर दुचाक्या उभ्या असतात, मध्येच फरशी उखडलेली असते आणि आमच्यातल्या सत्तरीच्या बाईंना रस्त्यावर उतरून वाहनांच्या तोंडाशी चालावे लागते. आम्ही दोनदा लेखी अर्ज दिले; एक बाक मिळाला, तोही उन्हात.

तुझ्यासाठी दोन सूचना आहेत, आणि त्या मी डॉक्टरांकडून आल्या तशाच देतो. रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहत जा, कारण साखरेने बधिर झालेल्या पायाला फोड कळत नाही. आणि तुझ्या गोळ्यांपैकी एखादीने साखर एकदम उतरू शकते का, हे विचारून घे. तसे असेल तर खिशात खडीसाखर ठेव. छातीत दडपल्यासारखे झाले तर खेप पुरी करण्याचा हट्ट धरू नकोस.

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते, हे तुला माहीतच आहे. आपल्या लहानपणी दिंड्या दारावरून जायच्या आणि आजी त्यांना गूळ-पाणी द्यायची. या वेळी आम्ही नऊजण अंजनेरीपासून पुढे दिंडीबरोबर त्र्यंबकपर्यंत चालणार आहोत. तू आदल्या दिवशीच ये. तोवर ठाण्यात तुझ्या इमारतीतला एकजण शोध, साखरवाला असेल तर उत्तमच, आणि त्याला खालच्या फाटकापाशी सहाची वेळ दे. थंडी कडाक्याची आहे, निफाडचा पारा तर रोज वर्तमानपत्रात येतो आहे, तेव्हा कानटोपी आण. बूट नवे आणू नकोस, वापरून सैल झालेलेच आण. ड्रायव्हरसाहेबांना मी तुझ्याविषयी बोललो आहे. त्यांनी 'पाहुणे किती खेपा मारतात?' एवढेच विचारले, आणि मी 'सध्या दोन' असे सांगून ठेवले आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
पंचवटीतला सोबती