खडपावरच्या पाखाडीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

मुंबई-पुण्याचे आपले चाकरमानी, माहेरवाशिणी आणि वाडीतले सर्व ग्रामस्थ यांना मंडळाच्या वतीने हे पत्र. शिमगा तोंडावर आला आहे, त्यामुळे घाईत लिहितो आहे. काही राहून गेलं तर सांभाळून घ्या.

देवळामागून खडपावर, म्हणजे समुद्रकाठच्या कातळावर, उतरणारी आपली पाखाडी (पायऱ्यांची वाट) खालच्या अंगाला पार खचली आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात कडेचे जांभ्याचे चिरे निघाले, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्तेने उरलेले सैल केले, आणि त्यानंतर दर पावसाळ्यात उधाणाचं पाणी आतली माती ओढून नेत आहे. शेवटच्या २८ पायऱ्यांपैकी ११ जाग्यावर आहेत. परवाच्या ओहोटीला कालवं (खडकावरच्या शिंपल्या) काढायला निघालेल्या आपल्या एक काकी टोपली आधी खाली सोडून, कोयती कमरेला खोचून, बसत बसत उतरताना पाहिल्या. वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्या तळहाताला चिऱ्याची लाल माती आणि थोडं रक्त लागलं होतं. "सवय आहे रे," म्हणाल्या. मला मात्र रात्री झोप लागली नाही.

ही पाखाडी कुठल्या योजनेतून आलेली नाही. आपल्या पणजोबांनी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, चिरे काढले आणि पणज्यांनी ते डोक्यावरून खाली आणले. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वाऱ्यावर राहिला की घट्ट होतो. म्हणून एक पावसाळा वर ठेवलेलाच चिरा खाली बसवायचा, हा त्यांचा दंडक. पुढे वरचा अर्धा भाग मुंबईच्या गिरणीत कामाला असलेल्या आपल्या मंडळींनी गावकीच्या खोलीवरच्या वर्गणीतून महिन्याला रुपया-दोन रुपये काढून दुरुस्त केला. १९८२ च्या संपानंतर घरात चूल पेटायची पंचाईत होती, तरी त्यांच्यातल्या एकानेही दिलेली वर्गणी परत मागितली नाही. हे लिहिताना आजही हात जोडले जातात. घळीजवळचा कठडा वरच्या वाडीच्या एका माहेरवाशिणीने मुलाच्या पहिल्या पगारातून घालून दिला. खाऱ्या वाऱ्याने तो आता गंजून गेला, पण आपली एक पिढी त्याला धरून गरी टाकायला शिकली.

आता पाहुणेही फार येतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ, हे आपल्याकडे पोरांनाही पाठ असतं. पाहुण्यांना ते कोण सांगणार? पौर्णिमा-अमावास्येला भरती साधारण सव्वाअकराची, म्हणजे ओहोटी सूर्यास्ताच्या सुमाराला. त्या दिवसांत पाणी सर्वांत लांब जातं, माणसं फोटोसाठी काळ्या कातळाच्या टोकापर्यंत चालत जातात, आणि अंधार पडता पडता मागच्या घळीत पाणी भरतं. शेवाळावर पाय ठरत नाही. गेल्या दिवाळीत दोघांना आपल्याच पोरांनी पागाच्या (फेकून टाकायच्या जाळ्याच्या) दोरीने ओढून काढलं. दरवेळी पोरं तिथे असतीलच असं नाही.

मनातलं एक बोलतो. मागच्या वर्षी हेच आवाहन ग्रुपवर टाकलं होतं. हात जोडल्याच्या खुणा दीडशेच्या वर आल्या, पावत्या फाटल्या सतरा. आपल्या खडपाचे फोटो मात्र सगळ्यांच्या मोबाइलवर आहेत. कुणाला दुखवायचं नाही, पण वाईट वाटलं.

काम असं: खालच्या पायऱ्या जुन्याच जागी चिऱ्यात, घळीला गॅल्व्हनाइज्ड पाइपचा कठडा, दोरीसह दोन लाइफ रिंग, भरती-ओहोटीचा फलक. खडपावर काँक्रीट ओतायचं नाही, असं सभेत ठरलं आहे. अंदाजे खर्च ४ लाख ६० हजार, शिल्लक १ लाख १० हजार. घरटी किमान २,००० रुपये, जास्त देता आलं तर आनंदच. खात्याचा तपशील पावतीपुस्तकाच्या मागे व ग्रुपवर आहे. रोख फक्त खजिनदारांकडे, पावती घेऊनच. ज्यांना पैसे शक्य नाहीत त्यांनी श्रमदानाला यावं, त्याचीही नोंद वहीत तशीच होईल. खाली ओहोटीतच काम करता येतं, दिवसाला जेमतेम चार तास, आणि मृग लागायच्या आत पूर्ण झालं पाहिजे.

चिरेवाल्याला आगाऊ रक्कम होळीच्या आत द्यायची आहे. पालखी घरी येईल तेव्हा देऊ म्हणून थांबू नका, या आठवड्यात पाठवा.

आपला,
सचिव, ग्रामस्थ मंडळ