रेडियम नाही तर काटा नाही

प्रति,
मा. सहकार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : गळीत हंगामात रात्री मोटारसायकलवरून घरी पोहोचण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

मोटारसायकलवाल्यानं पत्र लिहायचं तर परिवहन मंत्र्यांना लिही, असं घरातही सगळे म्हणाले. हेल्मेट, लायसन, दंड, सगळं त्यांच्याकडे. पण रात्रीच्या रस्त्यावर मी ज्या गोष्टीला सगळ्यात जास्त भितो, तिची किल्ली पुण्याच्या साखर संकुलात, म्हणजे साखर आयुक्तांच्या कार्यालयात आहे आणि ते खातं आपलं आहे. म्हणून आपल्याला लिहितोय.

मी सांगली जिल्ह्यातला. पावणेदोन एकर ऊस आहे, कारखान्याचा सभासद आहे. तेवढ्यावर भागत नाही म्हणून एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला जातो. पाळी सुटून बाहेर पडायला रात्रीचे बारा वाजतात, घर अठरा किलोमीटरवर. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत या अठरा किलोमीटरांत उसाच्या ट्रॉल्या किती लागतात ते मोजायचं आता सोडून दिलंय.

माझा चुलतभाऊ अशाच एका ट्रॉलीवर मागून आदळून गेला. एक्सल तुटलेला, ट्रॅक्टर सोडवून ड्रायव्हर मेस्त्री आणायला गेलेला, ट्रॉली अर्धी डांबरावर. मागं दिवा नाही, उजेडात चमकणारी रेडियमची पट्टी नाही. चार दगड मांडलेले, तेवढीच खूण. समोरून गाडी अप्पर मारत आली आणि तेवढे दोन-तीन सेकंद त्याला काहीच दिसलं नाही. हेल्मेट होतं, आयएसआयचं, पट्टा लावलेला. डोक्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. मागं बाहेर आलेला ऊस छातीत बसला.

दुसऱ्या दिवशी मी तिथं गेलो तेव्हा ट्रॉली नेलेली होती, दगड तिथंच होते. ते उचलून मी चरीत टाकले. बंद गाडीमागं लावलेले दगड गाडी निघाली की कुणी उचलत नाही, आणि पुढच्या रात्री कुणाचं तरी पुढचं चाक त्यावर चढतं. यालाही अपघातच म्हणतात.

त्या ट्रॉलीतला ऊस कुणाचा होता, हे मी आजवर विचारलेलं नाही. माझ्या फडातून भरून निघालेल्या ट्रॉलीमागं दिवा आहे का, हे तरी मी कधी जाऊन बघितलं होतं? तोड मिळाली, ऊस गेला, सुटलो, एवढंच डोक्यात.

हेल्मेटविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. आमच्याकडे निम्मी हेल्मेटं आरशाला लटकतात आणि पोलीस दिसला की डोक्यावर येतात, हे मला ठाऊक आहे. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल सांगतो की त्या वर्षी देशात हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसं मेली. पण त्याच वर्षी दुचाकीवर मेलेले एकूण ७५,००० च्या घरात आहेत. म्हणजे साधारण तिसरा माणूस त्या बिनहेल्मेटच्या यादीत नाही. या तिसऱ्या माणसासाठी काय करायचं, हे मला कुठल्याच फलकावर वाचायला मिळालं नाही.

आता ट्रॉली का दिसत नाही ते सांगतो. मोटारसायकलच्या डिपरवर नीट दिसतं ते तीसेक मीटर. ताशी ५० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे ध्यानात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो, तोवर वीस मीटर संपलेले. उरलेल्या दहा मीटरमध्ये गाडी थांबत नाही. लाल रेडियम असेल तर ते याच्या कितीतरी आधी चमकतं. नियमात ते आहेच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १०४ व्या नियमाप्रमाणे ट्रेलरच्या मागं दोन्ही बाजूंना लाल परावर्तक लागतो. काही ट्रॉल्यांना तो असतोही, पण फाळक्यावर, म्हणजे ट्रॉलीच्या मागच्या झडपेवर. भरताना ऊस फाळक्याच्या वर आणि बाहेर येतो, वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, खाली लोंबतात आणि रेडियम आत झाकलं जातं. ट्रॅक्टरचा मागचा दिवा तर दोन ट्रॉल्यांच्या पलीकडे. रिकामी ट्रॉली तपासली तर पास, भरलेली नापास.

गंमत बघा, ट्रॅक्टरवरच्या साउंडला मात्र कधी काही कमी पडत नाही. गाणं दोन शिवारं ऐकू येतं. खरं सांगायचं तर त्या आवाजानंच मला दोनदा वाचवलंय. पण बंद पडलेली ट्रॉली गात नाही.

दरवर्षी जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येतं. अधिकारी चौकात उभे राहून दहा-वीस ट्रॉल्यांना रेडियम लावतात, फोटो निघतो. फेब्रुवारीपर्यंत त्यावर चिखल बसलेला असतो. यात अधिकाऱ्यांचा दोष मी काढत नाही. हजारो ट्रॉल्या, रानातले शेकडो रस्ते आणि वेळ रात्रीची, कोण कुठं कुठं उभं राहणार?

पण ट्रॉली कुठूनही येवो, एका जागेवरून तिला जावंच लागतं. कारखान्याचा वजनकाटा. वजन झाल्याशिवाय गव्हाणीत, म्हणजे गाळपाला ऊस टाकतात तिथं, ऊस पडत नाही आणि काट्याची पावती नसेल तर वाहतुकीचं बिल निघत नाही. यार्डात नंबर लागायला वाहनं तासन् तास उभी असतात. ज्या माणसाकडे नंबर लावायची वही आहे, त्यानं बॅटरी मारून मागून एकदा बघितलं तर अर्धा मिनिट लागेल. रेडियम नाही, तर नंबर नाही. तिथंच दुकानासारखं ठेवा, रेडियमचं कापड घ्या, पैसे बिलातून कापा. आगाऊ दिलेल्या उचलीचे लाखो रुपये बिलातून कापता येतात, तर हेही येतील. काही ठिकाणी उसाच्या मोळ्यांवरून बांधलेलं असं कापड मी बघितलंय, लांबून लखलखतं. ते फाळक्यावर नको, भरलेल्या उसावरच हवं.

कारखान्यांनी हे आपखुशीनं करावं म्हणून विनंतीपत्रं पाठवू नका, ती फायलीत जातात. गाळप परवाना साखर आयुक्त देतात. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, थकवली तर तो परवाना अडवला जातो, म्हणून थकलेल्या एफआरपीची हालचाल होते, हे आम्ही शेतकरी अनुभवानं सांगतो. तेच हत्यार इथं चालेल. राज्यात हंगामाला दोनशेच्या आसपास कारखाने चालतात. हजारो ड्रायव्हरांच्या मागं लागण्यापेक्षा दोनशे कार्यकारी संचालकांना विचारणं सोपं.

कारखाने म्हणतील, गव्हाण उपाशी राहील. पहिले चार दिवस राहील कदाचित. पाचव्या दिवशी प्रत्येक ड्रायव्हर स्वतःच कापड बांधून येईल, कारण खेप चुकली तर नुकसान त्याचं. ड्रायव्हरला खलनायक करायची माझी इच्छा नाही. तो दोन-दोन रात्री झोपलेला नसतो, खेपेवर त्याचा हिशेब असतो. बैलगाडीवाले तर पहाटे तीनला पोरंबाळं गाडीत घेऊन निघतात. त्यातले शहाणे बैलांच्या शिंगांना रेडियम लावतात. पण बैल पुढं असतात, आणि मागून येणाऱ्याला दिसते फक्त काळी मोळी. त्यांना तरी ते कापड कारखान्यानं फुकट द्यावं.

बंद पडलेल्या वाहनाचं वेगळं बघावं लागेल. कारखान्याचा एक फोन नंबर हवा, तो ट्रॉलीवर लिहिलेला हवा आणि फोन गेल्यावर लुकलुकणारा लाल दिवा घेऊन माणूस आला पाहिजे. वाहन धोकादायक जागी सोडून जाणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ प्रमाणे आजही गुन्हा आहे, पण रात्री एक वाजता कलम चमकत नाही.

हंगाम कधी सुरू करायचा हे ठरवायला मंत्री समितीची बैठक होते. त्या बैठकीत परवान्याच्या अटींमध्ये एक अट वाढवावी. आपल्या अधिकाऱ्यांचा वेळ जाऊ नये म्हणून मसुदा मीच करून पाठवतो :

"भरलेल्या उसावर मागील बाजूस, लांबून दिसेल असे लाल परावर्तक कापड बांधलेले नसल्यास त्या वाहनाचे काट्यावर वजन करू नये. तसे वजन केल्याचे आढळल्यास जबाबदारी कारखान्याची राहील."

सरकारी भाषेत बसत नसेल तर बाकीचे शब्द बदलावेत. 'काटा' हा शब्द काढू नये.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद आणि दुसऱ्या पाळीचा मोटारसायकलवाला,
जि. सांगली