अठरा लाख दाण्यांचा खेळ

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव संपून महिना होत आला, मांडवाचे खड्डे बुजले, वर्गणीचा हिशेबही फलकावर लागला. तरीही एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. तक्रार आमच्याच सोसायटीत झालेल्या एका खेळाविषयी आहे. त्या खेळाचे पहिले बक्षीस मलाच मिळाले, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे हरलेल्याची चडफड समजून कोणी हे पत्र बाजूला ठेवणार नाही.

आमची सोसायटी धायरीच्या बाजूला आहे. उत्सवाच्या पाचव्या दिवशी मांडवात मासे ठेवायची काचेची टाकी मांडण्यात आली. तिच्यात मासे नव्हते, पाणीही नव्हते, तांदूळ होता. लाल, पिवळा, हिरवा, निळा आणि जांभळा असे रंगवलेल्या तांदळाचे पाच थर, त्यावर चमकी, आणि शेजारी पाटी : ‘ओळखा पाहू, दाणे किती?’ वीस रुपये देऊन चिठ्ठी घ्यायची आणि तिच्यावर नाव, सदनिका क्रमांक व आकडा लिहून डब्यात टाकायची. मुलांनी दोन हजारांपासून एक कोटीपर्यंत आकडे टाकले. एका आजींनी ‘बाप्पाला ठाऊक’ असे लिहिले होते. माझ्या मते सर्वांत बरोबर उत्तर तेच होते, पण त्यांची चिठ्ठी बाद झाली.

माझी सारी हयात भुसार मालाच्या व्यापारात गेली. वडिलांची पेढी भवानी पेठेत होती, पुढे ती गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आली, आणि मी तिथे अडतीस वर्षे बसलो. त्यामुळे टाकी पाहताच हात शिवशिवले. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, आणि तांदूळ वीतभराला थोडा कमी. म्हणजे साधारण सदतीस लिटर जागा. लिटरच्या मापात तांदूळ आठशे ग्रॅमच्या आसपास बसतो, तेव्हा माल तीस किलोच्या घरात. रंग दिलेला असला तरी दाण्याची ठेवण लपत नाही. तो कोलम होता. घरी येऊन डब्यातला कोलम घेतला, आपलेच वर्तमानपत्र पसरून दहा-दहाच्या ढिगाने एक हजार दाणे मोजले, आणि सून केक करताना वापरते त्या छोट्या काट्यावर ठेवले. सोळा ग्रॅम भरले. किलोला ६२,५०० दाणे, तीस किलोला १८,७५,०००. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच, फक्त भात शिजण्याआधीची.

कार्यकर्त्यांनीही सगळे दाणे मोजले नव्हतेच. त्यांनी दहा ग्रॅममध्ये ६१८ दाणे मोजून तीन हजारांनी गुणले होते आणि १८,५४,००० हे ‘अचूक’ उत्तर पाकिटात बंद करून ठेवले होते. माझा आकडा एकवीस हजारांनी चुकला, म्हणजे किलोच्या एक तृतीयांशाने. ध्वनिक्षेपकावरून माझे नाव पुकारण्यात आले, टाळ्या पडल्या, आणि पाच लिटरचा प्रेशर कुकर माझ्या हातात आला. त्या संध्याकाळी मी फार खुशीत होतो, हे कबूल केले पाहिजे. या तांदळाचे पुढे काय होणार, हा प्रश्न अडतीस वर्षे धान्य विकलेल्या माणसाला एकदाही सुचला नाही.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरलो, तर आमच्या इमारतीचा कचरा नेणाऱ्या ताई दोन काळ्या पिशव्यांपुढे उभ्या होत्या. त्यांनी एका पिशवीत हात घालून मूठभर तांदूळ बाहेर काढला. घामाने ओल्या झालेल्या त्यांच्या तळव्याला निळा रंग लागला आणि बोटांना चमकी चिकटली. त्या शांतपणे म्हणाल्या, “काका, हे ओल्यात टाकू का सुक्यात?”

मला उत्तर देता आले नाही. तांदूळ म्हणून ते ओल्या कचऱ्यात जायला हवे. पण कपड्याला द्यायचा रंग, डिंक आणि प्लास्टिकची चमकी लागलेली वस्तू खताच्या खड्ड्यात घालायला आमचा माळी तयार नव्हता, आणि त्याचे बरोबरच होते. एक उत्साही तरुण म्हणाला, पक्ष्यांना घालू. त्याला रखवालदारानेच थांबवले. जे माणसाला नको, जनावराला नको आणि मातीलाही नको, असे काही आम्ही तीस किलो उत्तम कोलमपासून दोन तासांत तयार केले होते. अखेर त्या पिशव्या मिश्र कचरा म्हणून गेल्या. ताईंनी हातातली मूठ लगेच पिशवीत टाकली नाही. क्षणभर धरून ठेवली आणि मग टाकली. तेवढेच माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

हिशेबाची सवय सुटत नसल्याने नंतर आणखी दोन हिशेब केले. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबातील माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते. म्हणजे आमच्या टाकीत सहा माणसांचे महिन्याचे शिधावाटप होते. दुसरा हिशेब पाण्याचा. एक किलो तांदूळ हाती येईपर्यंत जगभराच्या सरासरीने सुमारे अडीच हजार लिटर पाणी लागते असे मानले जाते. त्यात पावसाचे पाणी आलेच. तीस किलोला ७५,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेसात टँकर. एप्रिल-मे महिन्यांत आमची सोसायटी टँकरवर जगते आणि टँकर उशिरा आला तर समितीच्या बैठकीत हमरीतुमरी होते, हे तेथील प्रत्येकाला माहीत आहे. आम्ही काचेपुढे उभे राहून आकडे लावत होतो त्याच दिवसांत मावळात आणि मुळशीत भात पोटऱ्यात, म्हणजे कणीस बाहेर पडण्याच्या बेतात होता, आणि आषाढात गुडघाभर चिखलात वाकून ज्यांनी त्याची लावणी केली त्यांचे लक्ष आभाळाकडे लागले होते.

मी हा विषय काढल्यावर समितीतील मंडळींनी मला तीन उत्तरे दिली. ती वरवर बिनतोड वाटतात, म्हणून त्यांचा विचार करतो.

पहिले उत्तर असे, की मंगल कार्यालयांत एकेका पंगतीला याहून जास्त अन्न पानात टाकले जाते, तिथे तीस किलोचे काय घेऊन बसलात? हे खोटे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातील घरांतून दरडोई वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जाते असा अंदाज दिला आहे. कार्यालये आणि हॉटेले त्याखेरीज. परंतु पंगतीत उरते ते अंदाज चुकल्यामुळे, आग्रहामुळे किंवा हावेमुळे. ते कोणी टाकण्यासाठी रांधलेले नसते, आणि वेळेवर हालचाल केली तर ते भुकेल्या माणसापर्यंत पोहोचवता येते. आमच्या टाकीतला तांदूळ उरला नव्हता. आम्ही तो दुकानातून आणून आधी बिघडवला आणि मग सजवून ठेवला. उरलेले अन्न आणि बिघडवलेले अन्न यांत मला तरी मोठा फरक दिसतो.

दुसरे उत्तर परंपरेचे. लग्नात अक्षता नाही का टाकत? टाकतो, आणि तिथेही हाच प्रश्न आहे. म्हणून तर अलीकडे अनेक घरी फुलांच्या पाकळ्या वाटतात. पण परंपरेचे बोट धरायचेच तर नीट धरावे. कलशाखालचे तांदूळ पूजा आटोपली की डब्यात जातात, ओटीतल्या तांदळाचा घरी भात होतो, नैवेद्याचा प्रसाद होतो. आपल्याच शहरात दगडूशेठ हलवाई गणपतीपुढे अक्षय्य तृतीयेला हजारो आंब्यांची आरास होते आणि पुढे ते आंबे ससून रुग्णालयातील रुग्णांना व इतर संस्थांना वाटले जातात. डोळ्यांचे पारणे फिटते आणि आंबाही खाल्ला जातो. देवापुढे ठेवलेल्या धान्याला कपड्याचा रंग फासावा, असे कोणत्या पोथीत आहे ते मला कोणी दाखवावे.

तिसरे उत्तर परदेशाचे. स्पेनमध्ये बुन्योल गावात ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी लोक तासभर एकमेकांना टोमॅटो फेकून मारतात. शंभराहून अधिक टन टोमॅटोंचा चिखल होतो आणि ते पाहायला जग लोटते. १९४५ साली रस्त्यावरच्या मारामारीतून सुरू झालेली ती प्रथा आहे आणि त्यासाठी खाण्याच्या प्रतीचे टोमॅटो वापरत नाहीत असे आयोजक सांगतात. ते त्यांचे त्यांनी पाहावे. २०११ साली बेंगळुरू आणि म्हैसूर येथे तसाच खेळ करण्याचे घाटत होते, तेव्हा कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री सदानंद गौडा यांनी परवानगी नाकारली, हेही त्या मंडळींनी लक्षात घ्यावे. आपल्या जिल्ह्यात नारायणगावला टोमॅटोचा मोठा बाजार भरतो. भाव कोसळला की तोडणीची मजुरीही सुटत नाही आणि शेतकरी माल रस्त्यावर ओतून जातो. टोमॅटोचा चिखल आपल्याकडेही होतो, फक्त तो पाहायला कोणी तिकीट काढत नाही.

माझे लहानपण पेढीवर गेले. पोती उतरवताना जे सांडे त्यावर पाय पडू नये म्हणून वडील हमालांना बाजूने चालायला लावत. संध्याकाळी झाडून निघालेला माल चाळून, पाखडून घेऊन जाणाऱ्या बायका ठरलेल्या असत आणि त्यांच्या आधी केरसुणीला हात लावायची आम्हांला मुभा नसे. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी अमेरिकेतून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची लाल ज्वारी, खाल्ला, कामावर मिळणाऱ्या सुकडीवर मुले जगवली. त्या वर्षी त्या बायका एकेक दाणा फरशीच्या फटीतून काडीने काढत होत्या, हे मी पाहिले आहे. नव्या पिढीने तो काळ पाहिला नाही हा तिचा दोष नाही. मी पाहिला होता आणि तरीही टाकीपुढे उभा राहून गुणाकार करत होतो.

खेळाला मात्र मी नावे ठेवणार नाही. अंदाज बांधण्याचा खेळ फार जुना आणि बुद्धीला चालना देणारा आहे. इंग्लंडमध्ये प्लिमथ येथे १९०६ साली पशुप्रदर्शनात एक बैल उभा केला होता आणि तो कापून साफ केल्यावर वजन किती भरेल हे लोकांनी चिठ्ठीवर लिहून द्यायचे होते. फ्रान्सिस गॉल्टन या शास्त्रज्ञाने त्यांतील ७८७ चिठ्ठ्या मिळवल्या, आकडे ओळीने लावले आणि मधोमधचा आकडा पाहिला. तो निघाला १,२०७ पौंड, आणि प्रत्यक्ष वजन १,१९८ पौंड. एकट्यादुकट्याचे अंदाज वाटेल तितके चुकतात, पण सगळ्यांचा मिळून काढलेला मधला आकडा खऱ्याच्या किती जवळ जातो, हे त्याने १९०७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. आमच्या चिठ्ठ्यांचा मधला आकडा काढून पाहावा म्हणून मी त्या मागितल्या, तर त्याही टाकून दिल्या होत्या. त्या निदान सुक्या कचऱ्यात गेल्या.

सांगायचे एवढेच, की या खेळाला रंग लागत नाही. पांढरा तांदूळ स्वच्छ, कोरड्या, झाकणाच्या टाकीत भरला असता तरी दाणे तेवढेच राहिले असते आणि खेळाची गंमतही. रंगच हवा होता, तर तूर, मूग, मसूर, हरभरा आणि चवळी यांचे थर लावायचे होते. निसर्गाने ते रंग फुकट दिले आहेत. शेवटच्या दिवशी टाकी उघडून ते सगळे महाप्रसादाच्या मिसळीच्या आमटीत घालता आले असते, किंवा एखाद्या वसतिगृहाला पोहोचवता आले असते. धान्य कुठे जाणार ते खेळाच्या पाटीवरच लिहावे, अशी माझी सूचना आहे. जिंकणाऱ्याच्या नावाने ते धान्य द्यावे. कुकरपेक्षा ते बक्षीस मला जास्त आवडले असते.

आपणांसही एक विनंती आहे. वर्तमानपत्रे दरवर्षी देखाव्यांच्या आणि सोसायट्यांच्या उत्सवांच्या स्पर्धा घेतात आणि परीक्षक सजावट, विषय, शिस्त, ध्वनिमर्यादा यांना गुण देतात. मखराला लावलेले धान्य, फळे, भाज्या, सुका मेवा यांचे विसर्जनानंतर काय केले, हा एक प्रश्न त्या अर्जात घालावा आणि त्याचे उत्तर लेखी मागावे. पुण्यातील कार्यकर्ता गुणांसाठी काय काय करू शकतो, हे आपणांस मी सांगायला नको.

आमच्या समितीने पुढील वर्षी मला या खेळाचा परीक्षक होण्यास सांगितले आहे. मी होकार कळवला आहे, मात्र तांदूळ रंगवायचा नाही या अटीवर. त्यावर अद्याप उत्तर आलेले नाही. कुकर अजून खोक्यातच आहे. अट मान्य झाली, तर टाकीतल्या तांदळाच्या पहिल्या भातासाठी तो मांडवात घेऊन येईन.

आपला,
एक निवृत्त भुसार व्यापारी, पुणे