अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुलं पत्र: ही ॲसिडची बाटली माझ्यापर्यंत आलीच कशी?

मा. मंत्रीसाहेब,

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यात पार्लर चालवते, १४ वर्षं झाली. आयब्रो, वॅक्स, फेशियल, लग्नसराईत ब्रायडल मेकअप. डॉक्टर नाही, बारावीनंतर ब्युटीपार्लरचा कोर्स केलाय एवढंच. हे आधीच सांगून टाकते कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल की मग बाई तुम्ही हे करायला गेलातच कशाला, आणि तेच तर सांगायचंय.

आमच्याकडे वॅक्स, क्रीम घेऊन एक सप्लायर येतो. तीन वर्षांपूर्वी त्याने काऊंटरवर केमिकल पीलची बाटली ठेवली, म्हणजे चेहऱ्याची वरची कातडी सोलून डाग घालवायचं ॲसिड. ग्लायकोलिक ॲसिड, ५० टक्के. म्हणाला, ताई उसात असतं हे, एकदम नॅचरल. आता आमच्या भागात उसाला कोण घाबरतंय? (उसात असतं हे खरंय, पण बाटलीतलं बहुतेक कारखान्यात केमिकलपासूनच बनतं हे मला फार नंतर कळलं.) बाटलीसोबत एक दिवसाचं ट्रेनिंग फुकट, हॉटेलच्या हॉलमध्ये, जेवणासकट, आणि संध्याकाळी लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट. पडद्यावर बिफोर-आफ्टरचे फोटो सगळे गोऱ्या परदेशी बायकांचे. ते सर्टिफिकेट मी आरशाच्या वर लावलं, खोटं कशाला बोलू, भारी वाटलं होतं.

पहिल्या पाच-सहा जणींना काही झालं नाही, उलट त्या खूश. एका सिटिंगचे ८०० घ्यायचे मी. मग एक मुलगी आली, लग्न बारा दिवसांवर, गालावर पिंपल्सचे डाग. ब्रशने लावलं, मोबाईलवर तीन मिनिटांचा टायमर लावला. दीड मिनिटातच म्हणाली ताई आग होतेय, मी म्हटलं थोडी होतेच गं, कारण ट्रेनिंगमध्ये तसंच सांगितलेलं, आणि टेबलफॅन तिच्या तोंडावर फिरवला. तेवढ्यात उजव्या गालाच्या हाडावर पांढुरकं दिसायला लागलं, चहावर साय धरते ना तसं. ॲसिड थांबवायचं न्यूट्रलायझर म्हणजे खायच्या सोड्याचं पाणीच, ते लावेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं. खपली धरली, आठवड्यात ती पडली आणि खाली काळा डाग. हळदीला बायकांनी त्या गालाला हळद लावली नाही. लग्नाचे सगळे फोटो डावीकडून आहेत. डाग जायला सात महिने लागले, स्किनच्या डॉक्टरांची फी मी भरली.

त्या डॉक्टरबाईंनी मला बोलावून घेतलं. ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. पहिला प्रश्न, ती आधी चेहऱ्याला काय लावत होती विचारलंत का? नव्हतं विचारलं. ती दोन वर्षं मेडिकलमधून आणलेली गोरं व्हायची ट्यूब लावत होती, तिच्यात स्टेरॉइड. त्याने कातडी पातळ होते आणि ॲसिड भलतंच आत जातं. मग म्हणाल्या, नुसता टक्का बघून चालत नाही, पीएच, म्हणजे ॲसिडचा जोर, किती ते बघावं लागतं, आणि आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन, म्हणजे रंग देणारं द्रव्य, जास्त, भाजली की काळी पडते, म्हणून आधी दोन-चार आठवडे कातडी तयार करायची आणि नंतर उन्हाला जपायचं. यातलं एक अक्षर त्या हॉलमध्ये कुणी बोललं नव्हतं.

साहेब, तसल्या स्टेरॉइड क्रीम २०१८ मध्ये केंद्राने शेड्यूल एचमध्ये टाकल्या, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत. परवा मी मुद्दाम जाऊन मागितली, मिळाली, पावती मागितली तर म्हणे पावती कशाला ताई. आणि माझ्यावर तरी कुणाचं लक्ष आहे? पार्लरला शॉप ॲक्टची ऑनलाइन पावती असली की झालं, आत मी मेंदी काढते की ॲसिड लावते हे विचारायला १४ वर्षांत कुणी आलेलं नाही. टीसीए म्हणून त्याहून खोल जाणारं ॲसिड आहे, ते तर ऑनलाइन घरपोच येतं. अमेरिकेतल्या एफडीएने, म्हणजे तुमच्या खात्यासारख्याच तिकडच्या खात्याने, जुलै २०२४ मध्ये लोकांना सांगितलं की असली जास्त ताकदीची पील स्वतःच्या मनाने विकत घेऊन लावू नका. आपल्याकडे त्याचे व्हिडिओ बघून पोरी बाथरूममध्ये लावतायत.

काही लोक म्हणतील पार्लरवाल्यांवर धाडी टाका. टाका, पण धाड पडली की आम्ही बाटली कपाटात लपवू आणि सप्लायर पुढच्या गावाला जाईल. त्यापेक्षा बाटलीलाच धरा. अमुक टक्क्याच्या वरचं पील नोंदणी असलेल्या डॉक्टरशिवाय कुणाला विकायचंच नाही, विकलं त्याच्याकडे वही हवी कुणाला दिलं त्याची. बाटलीवर टक्का आणि पीएच मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात. आणि आम्ही काय करू शकतो, काय नाही, हे एका कागदावर स्पष्ट द्या, मी तो कागद त्या सर्टिफिकेटच्या जागी लावते, ती फ्रेम सध्या रिकामीच आहे.

बाटली अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, अर्धी भरलेली. बेसिनमध्ये ओतायचा धीर होत नाही, सप्लायर परत घेत नाही, म्हणतो मैत्रिणीला देऊन टाका. तुमच्या जिल्हा ऑफिसात आणून दिली तर घेतील का, तेवढं कळवा.

आपली,
सांगली जिल्ह्यातली एक पार्लरवाली